मामा पंजाचे, हे कमळाचे, आणि पाणी पाचव्या दिवशी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून छापत नाही. पत्रातला मुख्य भाग असा:

‘मॅडम, मी विड्या वळते. आमचे हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. सासरे, म्हणजे मामा, गिरणीत होते. गिरणी बंद पडली ती माझ्या लग्नाच्या आधी. मामा पहिल्यापासून पंजाचे. हे दहा-अकरा वर्षांपासून कमळाचे. जेवायला बसलं की सुरू होतं. मागच्या महिन्यात मामा ताटावरून उठले, तीन दिवस ह्यांच्याशी बोलले नाहीत. आम्ही घरात तेलुगू बोलतो, पण हे भांडण मराठीत होतं, कारण दोघं टीव्हीवरचं ऐकून बोलतात. मला कुणाचंच पटत नाही. हा असला काय, तो असला काय, पाणी पाचव्या दिवशीच येतं आणि तेही रात्री दोनला. आता धाकटी अठराची झाली. मतदार यादीत नाव आलंय. ती विचारते, आई, दोघांत खरंच फरक आहे का, की नुसतं नाव वेगळं? मला उत्तर आलं नाही. मी म्हणाले, कुणालाच देऊ नको, नोटा दाब. मी बरोबर सांगितलं का? मराठीत चुका असतील, सुधारून घ्या.’

ताई, चुका चारच होत्या, त्याही वेलांटीच्या. पत्र येऊन बारा दिवस झाले. ‘फरक आहे’ असं एका ओळीत कळवता आलं असतं, आणि ते खरंही आहे. पण ती ओळ वाचून तुम्ही नळाकडे बघितलं असतं आणि पत्र बाजूला ठेवलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचं कुठं बरोबर आहे ते. पाण्याचं शंभर टक्के बरोबर आहे. आपली महापालिका १९६४ सालची. त्यातला बहुतेक काळ ती काँग्रेसच्या हातात होती. २०१७ साली पहिल्यांदा भाजपची सत्ता आली. आमच्या गल्लीत तेव्हा लोक खरंच आशेवर होते, आता दिवसाआड तरी पाणी सुटेल म्हणून. चावीवाला तोच राहिला, त्याचं वेळापत्रक तेच राहिलं. उजनी आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर. धरण भरतं तेव्हा शंभर टीएमसीहून जास्त पाणी असतं त्यात, आणि इथे आपण पिंपं, हंडे, कळश्या मांडून रात्री जागतो. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरांची यादी आली, तीत सोलापूर होतं. उजनीपासून समांतर जलवाहिनी ठरली. त्या कामाचं कंत्राट मध्येच रद्द झालं, पुन्हा निविदा निघाली, वर्षं गेली. या काळात महापालिकेत भाजप होता. राज्यात आधी भाजप-शिवसेना, मग २०१९ पासून काँग्रेससह महाविकास आघाडी, मग २०२२ पासून महायुती. त्या एका पाइपावरून सगळ्यांचा हात फिरून गेलाय. आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तक्रार घेऊन जायचं तर कुणाच्या दारात, हाही प्रश्नच होता.

असं का होतं, त्याचं माझ्यापुरतं उत्तर सांगते. धरणातून शहराच्या वेशीपर्यंत पाणी आणणं हे अर्धंच काम. पुढे टाक्या बांधायच्या, गल्लीबोळातल्या जुन्या वाहिन्या उखडून नव्या टाकायच्या, गळती शोधायची. हे जमिनीखालचं काम. त्याला आठ-दहा वर्षं लागतात, आणि नगरसेवकाची मुदत पाच वर्षांची. मग तो काय करतो? गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवतो, बोअर घेतो, कोपऱ्यावर कमान उभी करतो. सहा महिन्यांत दिसतं आणि नाव लागतं. पंजावाला हेच करतो, कमळवालाही हेच करतो. इथे दोघांत फरक शोधायला गेलात तर सापडणार नाही.

आणखी एका ठिकाणी तुमचं बरोबर आहे. माणसं इकडून तिकडे जातात. शेजारच्या माढ्यात २०१९ साली भाजपकडून खासदार झालेले रणजितसिंह नाईक-निंबाळकर त्या निवडणुकीच्या जरा आधीपर्यंत साताऱ्यात काँग्रेसचे जिल्हाध्यक्ष होते. अकलूजच्या मोहिते-पाटलांच्या घरातले रणजितसिंह २०१९ ला राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले आणि त्याच घरातले धैर्यशील २०२४ ला भाजपमधून शरद पवारांकडे येऊन माढ्याचे खासदार झाले. राधाकृष्ण विखे पाटील विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते, ते पुढे भाजपचे मंत्री झाले आणि आपल्या जिल्ह्याचे पालकमंत्रीही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी सगळे पुढारी पांढरी बाराबंदी घालून उभे असतात. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावरून विचारायचे, यातले आपले कोण? तेव्हा ते हसायचे. आता तुमची धाकटी तेच विचारतेय.

पण माणसं पक्ष बदलतात यापेक्षा मला जास्त खटकतं ते दोन्ही पक्षांचं न बोलता झालेलं एकमत. हे पेपरात आतल्या पानावर येतं, म्हणून मुद्दाम सांगते. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं सांगितलं की सहा राष्ट्रीय पक्षांना माहितीचा अधिकार लागू होतो, लोकांनी विचारलं तर त्यांनी माहिती दिली पाहिजे. सहाच्या सहा पक्षांनी ते पाळलं नाही. त्यात काँग्रेस होती, भाजप होता, डावेही होते. पुढे मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ठरवलं की काँग्रेस आणि भाजप दोघांनीही परदेशी कंपनीशी जोडलेल्या देणग्या घेऊन कायदा मोडलाय. मग काय झालं? कायदाच बदलला. २०१६ मध्ये एकदा आणि २०१८ मध्ये पुन्हा, तेही थेट १९७६ पासून लागू होईल असा. अर्थ विधेयकात घातलेलं ते कलम लोकसभेत चर्चेविना मंजूर झालं. एरवी एकमेकांवर धावून जाणारे दोघे त्या कलमावर भांडले नाहीत. पक्षाचा पैसा आणि पक्षाचा हिशोब हा विषय आला की तुम्ही म्हणता ते खरं आहे, दोघे सारखेच.

माझं स्वतःचंही एक सांगते. माझे वडीलही गिरणीत होते, कुठल्या ते लिहीत नाही. नव्वदच्या दशकात भोंगा बंद झाला तेव्हा त्यांची देणी अडकली. ते गेल्यावर ट्रंक उघडली. मफलरच्या घडीत दोन पत्रं सापडली, दोन वेगवेगळ्या सरकारांतल्या, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांच्या सहीची. कागद वेगळे, बोधचिन्हं वेगळी. मजकूर दोन्हीत एकच: ‘अर्जदाराच्या विनंतीचा सहानुभूतीने विचार करून योग्य ती कार्यवाही व्हावी.’ आईला पैसे मिळाले ते फार उशिरा आणि फार कमी. त्यामुळे ‘हा असला काय, तो असला काय’ हे वाक्य मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं नाही, ते आमच्या घरातलंच आहे.

तरीही मी म्हणते, फरक आहे. तो कुठं आहे हे बघायला लांब जायला नको, तुमच्या मांडीवरच्या सुपात बघा.

विडी कामगारांच्या कामाच्या अटींचा कायदा १९६६ चा. विडी कामगार कल्याण निधी १९७६ चा. दोन्ही काँग्रेस सरकारच्या काळातले. विडीवर उपकर बसायचा, तो त्या निधीत जायचा आणि त्यातून दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, घरासाठी मदत असा खर्च व्हायचा. तुमच्या थोरलीला शाळेत असताना शिष्यवृत्ती मिळाली असं तुम्ही लिहिलंय, ती यातलीच असणार. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. योजना बंद झाल्या असं नाही, पण तुमच्याच विडीतून येणारा आणि तुमच्यासाठीच राखलेला पैसा गेला. आता केंद्राच्या अंदाजपत्रकात जे मिळेल त्यावर सगळं चालतं. मग २०१९ आणि २०२० मध्ये भाजप सरकारनं कामगार संहिता मंजूर केल्या, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. १९६६ चा विडी कायदा त्यात विलीन झाला. सरकारचं म्हणणं, जुन्या कायद्यांचं जंगल साफ केलं, प्रत्येकाला नेमणूकपत्र मिळेल, सामाजिक सुरक्षा जास्त लोकांना मिळेल. काँग्रेस आणि बहुतेक कामगार संघटना विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं, मालकाला माणसं काढणं सोपं झालं.

यातलं एक कलम तुमच्या यजमानांच्या कामाचं आहे. पूर्वी १०० किंवा जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायचा किंवा कामगार कमी करायचे तर सरकारची आधी परवानगी लागायची. नव्या संहितेत ही मर्यादा ३०० वर गेली. टॉवेलचे किती कारखाने ३०० माणसांचे आहेत, ते ह्यांनाच विचारा.

मात्र मामांची बाजू घेऊन इथेच थांबले तर ते खोटं होईल. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा १०० ची मर्यादा कायद्यात होती. केंद्रात बराच काळ काँग्रेस होती. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं यंत्रमागाला मोकळं रान दिलं, आजारी गिरण्या बंद करायची वाट मोकळी केली, ते धोरण राजीव गांधींच्या सरकारचं. कायदा कागदावर राहिला आणि भोंगा थांबला. म्हणजे एका पक्षानं कामगाराच्या बाजूचे कायदे केले, पण ते पाळले जातात का याकडे बघितलं नाही. दुसऱ्या पक्षाला ते कायदेच अडचणीचे वाटतात आणि तो तसं उघड म्हणतो. हा फरक लहान नाही. त्यातलं कुणाचं बरोबर, यावर तुमच्या घरात भांडण व्हायलाच हवं. ते टीव्हीवरच्या वाक्यांवर होतं, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा मोठा फरक आहे तो माणसामाणसांतल्या नात्याचा. तुमच्या शेजारी विड्या वळणाऱ्या बायकांत मुस्लिम बायका आहेत, तुम्हीच लिहिलंय की पाणी आलं की त्या हाका मारून उठवतात. २०१९ च्या डिसेंबरमध्ये नागरिकत्वाचा कायदा बदलला. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची वाट सोपी केली, मुस्लिमांना त्यातून वगळलं. भाजप म्हणतो, तिथे छळ झालेल्यांना आसरा दिला, इथल्या कुणाचं काही काढून घेतलं नाही. काँग्रेस म्हणते, नागरिकत्वात धर्म आणणं हेच संविधानाच्या समानतेविरुद्ध आहे. ३७० कलम, तिहेरी तलाकचा कायदा, समान नागरी कायदा, या सगळ्यावर दोघांची मतं खरीच वेगळी आहेत, मनापासून वेगळी आहेत. आपल्या हद्दीला लागून कर्नाटक आहे. तिथे भाजप सरकारनं धर्मांतरविरोधी कायदा केला आणि २०२३ मध्ये काँग्रेसचं सरकार येताच मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. इंडी किंवा कलबुर्गीला नातेवाईक असतील तर विचारा. सरकार बदललं की तिथे काय बदलतं ते त्यांना माहीत आहे. माझं मत लपवत नाही. पाणी आल्यावर जी हाक मारते तिला आपल्याच गावात उपरं वाटू नये, असं मला वाटतं, आणि कुठल्याही पक्षाला मी या कसोटीवर आधी तोलते. तुमची कसोटी वेगळी असू शकते. पण या बाबतीत ‘दोघे सारखेच’ असं म्हणता येत नाही.

पैसे वाटण्याबद्दल थोडक्यात. २०२४ ला महायुतीनं लाडक्या बहिणीला महिना १५०० दिले, महाविकास आघाडीनं निवडणुकीत ३००० कबूल केले. कर्नाटकात काँग्रेस २००० देते आणि राज्यात बाईला साध्या बसचं तिकीट नाही. आपल्याकडे मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट, ते युतीच्या सरकारनं केलं. यात फरक आकड्याचा. पैसे घ्या, संकोच करू नका, तो तुमच्याच कराचा पैसा आहे. आणि त्यासाठी कुणाच्या उपकारात राहू नका.

आता मला खरं सांगायचंय ते शहराजवळच्या कुंभारीचं. तुम्ही कधी गोदूताई परुळेकर वसाहतीत गेलाय का? १०,००० घरं, विडी कामगार बायकांची. २००६ साली ती घरं द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. त्याच भागात रे नगर उभं राहिलं, ठरवलेली घरं ३०,०००. जानेवारी २०१९ मध्ये त्याची पायाभरणी करायला पंतप्रधान नरेंद्र मोदी आले आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या द्यायलाही तेच आले. एक पंतप्रधान काँग्रेसचे, एक भाजपचे. आणि ज्यांनी ही घरं मागून मागून, मोर्चे काढून, कागद हलवून आणली ते नरसय्या आडम मास्तर मार्क्सवादी. मास्तर आमदार झाले ते १९७८, १९९५ आणि २००४ ला. त्यानंतर मतदारांनी त्यांना निवडून दिलं नाही. दिल्लीत त्यांच्या पक्षाचे खासदार बोटावर मोजण्याइतके. २०१९ च्या त्या सभेत मोदींचं कौतुक केलं म्हणून त्यांच्याच पक्षानं त्यांना तीन महिने केंद्रीय समितीतून निलंबित केलं. तरी घरं झाली.

का झाली याचा मी पुष्कळ विचार केलाय. हजारो विडी कामगार बायका वीस-वीस वर्षं एकच मागणी घेऊन उभ्या राहिल्या. सरकार बदललं तेव्हा त्यांनी मागणी बदलली नाही आणि ‘आपलं सरकार आलं’ म्हणून घरीही बसल्या नाहीत. पाण्यासाठी आपल्या शहरात असा एकही समूह मला दिसत नाही. पाणी सहाव्या दिवशी गेलं की आपण हंडे घेऊन एक दिवस रस्त्यावर बसतो, टँकर येतो, उठतो. मामांच्या पक्षाचा नगरसेवक असला की मामा म्हणतात, प्रशासन ऐकत नाही. ह्यांच्या पक्षाचा असला की हे म्हणतात, आधीच्यांनी वाटोळं करून ठेवलंय. दोन्ही पक्षांना आपल्या घरातूनच वकील मिळालेत, फुकट. त्यांनी कशाला घाई करावी?

मामांवर रागावू नका. त्यांच्या पिढीनं कोर्टात शिपाई असलेला, मग फौजदार झालेला सोलापूरचा एक मुलगा मुख्यमंत्री आणि देशाचा गृहमंत्री झालेला बघितलाय. सुशीलकुमार शिंदे त्यांच्या लेखी पक्षापेक्षा मोठे आहेत, तो आपल्या गावाचा अभिमान आहे. यजमानांवरही रागावू नका. त्यांनी कमावतं होईपर्यंत काँग्रेसच बघितली आणि त्या काँग्रेसच्या काळात बापाची गिरणी गेलेली बघितली. दोघांचंही दुखणं एकच गिरणी आहे. एकदा जेवण झाल्यावर, जेवताना नाही, दोघांना फक्त गिरणीबद्दल बोलतं करा. शेवटचा पगार कधी झाला, फंडाचं काय झालं, कोण भेटायला आलं, कोण आलं नाही. टीव्ही बंद ठेवा. हे भांडण तेलुगूत होईल, आणि तेलुगूत झालं तर मिटेल असं मला वाटतं.

राहिली धाकटी आणि नोटा.

नोटा वाईट नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ पासून तो आपला हक्क आहे. पण त्यानं काय होतं ते तिला माहीत हवं. आमदार-खासदाराच्या निवडणुकीत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, सत्तावीस हजारांवर मतं, आणि निकालात काही फरक पडला नाही. महापालिकेचं वेगळं आहे. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये ठरवलंय की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे १५ जानेवारी २०२६ च्या महापालिकेच्या मतदानात नोटाला थोडं वजन आहे. पण ‘सगळे सारखेच’ म्हणून न बघता दाबलेला नोटा आणि उमेदवारांची माहिती काढून दाबलेला नोटा यांत फरक आहे. तुम्ही तिला पहिला सांगितलात. म्हणून तुमचं उत्तर मला अर्धं वाटतं.

तिला हे सांगा. लोकसभेला मत देते तेव्हा ती मुख्यतः पक्षाला देते, माणूस कितीही भला असला तरी. १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे. पक्षानं व्हिप, म्हणजे आदेश, काढला की खासदाराला त्याप्रमाणेच हात वर करावा लागतो, नाहीतर पद जातं. म्हणून तिथे नागरिकत्व, कामगार कायदा, कर, अशा प्रश्नांवर पक्ष काय म्हणतो ते बघायचं. महापालिकेला उलट. तिथे पक्षाची मतं आपल्या ड्रेनेजपर्यंत पोचतच नाहीत, तिथे माणूस बघायचा. फोन उचलतो का, मुख्य सभेत पाण्यावर कधी बोललाय का, चार वर्षं पद नसताना गल्लीत दिसला का. आपल्या प्रभागात बहुतेक ठिकाणी चार जागा आहेत, म्हणून चार मतं द्यायची: अ, ब, क, ड. चारही एकाच चिन्हाला दिली पाहिजेत असं कुठंही लिहिलेलं नाही. प्रचारात ‘पॅनल टू पॅनल’ म्हणून ओरडतात, ती त्यांची सोय. प्रत्येक उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र बघायला मिळतं, त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं असतं. धाकटी मोबाइलवर ते पाच मिनिटांत शोधेल. तिला ते चौघांचं मोठ्यानं वाचायला सांगा, मामा आणि हे दोघं समोर असताना.

आपल्या शहरानं हे वेगळं बघणं करून दाखवलंय. २०२४ च्या जूनमध्ये सोलापूरनं लोकसभेला काँग्रेसच्या प्रणिती शिंदेंना सुमारे ७४ हजारांनी निवडून दिलं. पाच महिन्यांनी, नोव्हेंबरात, शहरातल्या तिन्ही जागा भाजपला दिल्या, ज्या शहर मध्यमधून त्या तीनदा आमदार झाल्या तीसुद्धा. लोक म्हणतात, सोलापूरकर चंचल आहेत. काही जण वाऱ्याबरोबर गेले असतील, पण काहींनी दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं दिली असतील, आणि मला त्यांचं कौतुक वाटतं.

मी मनपा शाळेत शिकवत होते, त्यामुळे वर्षानुवर्षं मतदान केंद्रावर ड्यूटी केली. एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. विडी घरकुलातल्या एका केंद्रावर दुपारी एक सासू आणि तिची नवी सून आल्या. सुनेच्या बोटाला शाई लागली, ती मशीनकडे गेली, आणि सासू पुठ्ठ्याच्या आडोशावरून डोकावून म्हणाली, ‘वरून दुसरं गं.’ मी उठून सासूला हाताला धरून मागे आणलं. सून आत उभीच राहिली. बराच वेळ. बाहेरची रांग कुरकुरायला लागली. मी कुणाला बोलू दिलं नाही. मग बीप वाजला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर कधी कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नाही. सासूनं विचारलं, ‘दाबलं का दुसरं?’ ती म्हणाली, ‘दाबलं.’ खरं दाबलं की नाही, ते मला माहीत नाही, सासूलाही कधी कळलं नसेल.

१५ तारखेला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, धाकटीला तुम्ही स्वतः घेऊन जा. ह्यांच्याबरोबर नको, मामांबरोबर नको. सकाळी लवकर जा, गड्ड्याची गर्दी व्हायच्या आत. तुमच्या पाण्याचा दिवस तोच असेल तर रात्री भरून घ्या, मग थोडं झोपून जा. ती आत जाईल तेव्हा तुम्ही दाराशी थांबा, तिला हवा तेवढा वेळ घेऊ द्या. आणि बाहेर आली की कुणाला दिलंस ते विचारू नका.